क्षणभराची आठवण कुठे राहते?

नजरेआड झालेली गोष्ट काही सेकंद ध्यानात धरून त्यावर पुढची कृती करणे, म्हणजे कार्यकारी स्मृती. दीर्घकालीन स्मृती वेगळी.

माकड : माकडाची ही स्मृती मुख्यतः कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर अवलंबून असते. कार्लाइल जेकबसेन यांनी १९३६मध्ये दाखवले, की या भागाला इजा झालेले माकड खाऊ कोणत्या वाटीखाली ठेवला, हे काही सेकंदांतच विसरते. वस्तू ओळखणे मात्र शाबूत राहते. १९७१मध्ये होआकिन फुस्टर यांना आढळले, की खाऊ झाकल्यापासून उचलेपर्यंतच्या प्रतीक्षेत इथल्या काही पेशी सतत संदेश देत राहतात.

उंदीर : जागांची आठवण हिप्पोकॅम्पसकडे. तो निकामी झाला, की आठ वाटांच्या चक्रव्यूहात उंदीर नुकत्याच रिकाम्या केलेल्या वाटेत पुन्हा शिरतो.

कावळा : पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखा सहा थरांचा कॉर्टेक्सच नसतो! तेच काम मेंदूच्या मागच्या बाजूचे नायडोपॅलियम कॉडोलॅटरेल करते. दोन्हींच्या वंशरेषा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या.

मधमाशी : मेंदूत दहा लाखांहून कमी चेतापेशी, तरी पाहिलेला नमुना ती काही सेकंद धरून ठेवते.