बचत, धम्म आणि राष्ट्राचा व्यापार

राष्ट्राची बचत त्याच्या गुंतवणुकीस अपुरी पडली, तर तूट परकीय भांडवलाने भरून काढावी लागते. हीच तूट परराष्ट्र व्यवहाराच्या चालू खात्यावर दिसते. म्हणून घराघरांतील बचतीचा प्रश्न हा आयात-निर्यातीचाही प्रश्न आहे. या बचतीवर धर्माचा आणि संस्कृतीचा प्रभाव किती?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ साली प्रॉटेस्टंट पंथाच्या काटकसरी शिस्तीचा संबंध भांडवलशाहीच्या वाढीशी जोडला. परंतु जपानचा अनुभव आपणांस सावध करतो. १९७०च्या दशकाच्या मध्यास तेथील कुटुंबे उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक बचत करीत; पुढील तीन दशकांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली घसरले. धर्म तोच होता. वृद्धांची संख्या वाढली होती आणि उत्पन्नाची वाढ मंदावली होती. आमच्या मते, बचत किती होईल हे एकटा धर्म ठरवीत नाही. ती कोणत्या रूपात साठवावी, यावर मात्र रूढींचा मोठा पगडा असतो.

भारतात ते रूप सोन्याचे आहे. देशात सोन्याचे उत्पादन नगण्य, त्यामुळे लग्नसराईतील दागिन्यांचे बहुतेक सोने परदेशातून येते. २०१२-१३ मध्ये सोन्याच्या आयातीवर सुमारे ५४ अब्ज डॉलर खर्च झाले. त्याच वर्षी चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली. पुढे २०१३ मध्ये सरकारला सोन्यावरील आयात शुल्क वाढवून १० टक्के करावे लागले. कुटुंब ज्यास बचत म्हणते, ते राष्ट्राच्या हिशेबात आयात ठरते.

यात दोष केवळ हौसेचा नाही. ज्यांना सावकाराखेरीज कोणी उभे केले नाही, त्या घरांत बाईच्या अंगावरील चार मणी हाच अडीअडचणीचा आधार होता. हे आम्ही विसरत नाही. परंतु कर्ज काढून केलेले दागिने आधार नव्हेत, ओझे होत.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला संपत्तीचे चार भाग करण्यास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा आपत्काळासाठी. अर्धी संपत्ती कामाला लावण्याचा हा उपदेश आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मंगल परिणयाचा खर्च ठरविताना तो स्मरावा. लेकीच्या शिक्षणात घातलेला पैसा देशातच राहतो, आणि तिच्या ज्ञानाच्या रूपाने वाढतो.