पोटातला लोकरीचा गोळा

मांजर अंग चाटताना गिळलेले केस ओकून टाकते. कोकराला ते जमत नाही! बारामती-इंदापूरच्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढ्यांत म्हणूनच हा प्रॉब्लेम सीरियस ठरतो. मीठ, खनिजं किंवा चारा कमी पडला की कोकरू आईची लोकर चघळतं. लोकर म्हणजे केराटिन, ते पचत नाही. त्याचा गोळा होतो आणि पोटाच्या चौथ्या कप्प्याच्या तोंडाशी, व्हॉल्व्ह जाम व्हावा तसा अडकतो. कोकरू दूध सोडतं, पोट फुगतं, कधी दगावतंही.

उपाय स्वस्त आहेत. कासेभोवतीची लोकर कातरा, वाड्यात खनिजांची चाटण-वीट टांगा, कोकराला कोवळा पाला द्या. पोट फुगलंच तर मात्र लगेच गुरांचा डॉक्टर गाठा. सुट्टीत गावी गेलात की घरी एवढं नक्की सांगा.