पावसाच्या आलेखातला एक खांब किती वेळाचा?

हल्ली घरची मुले मोबाइलवर किंवा संगणकावर पावसाचा आलेख काढून वडील मंडळींना दाखवतात. ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यातला एक खांब तासाचा आहे, दिवसाचा आहे की आठवड्याचा, हे आधी पाहावे असे आम्ही सुचवितो.

समजा, एका आठवड्यात एकाच दिवशी १४० मिलिमीटर पाऊस पडला आणि बाकीचे सहा दिवस कोरडे गेले. दुसऱ्या आठवड्यात रोज २० मिलिमीटर पडला. आठवड्याचा खांब दोन्हीकडे सारखाच उंच! पण पहिल्या आठवड्यात शेताची मेर फुटते आणि तरवा वाहून जातो. दुसऱ्यात लावणी निवांत होते. शिवाय काही आलेख बेरजेऐवजी सरासरी दाखवतात. मग तोच १४० चा दिवस २० होऊन बसतो. पावसासाठी नेहमी बेरीज निवडावी. सरासरी तापमानासाठी ठीक.

दुसरी गोष्ट तारखेची. आपले हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्याच सकाळच्या तारखेवर लिहिते. म्हणजे मुळगावात रविवारी दुपारी कोसळलेली सर सोमवारच्या खांबात दिसते. परदेशी संकेतस्थळांवर आणखी एक घोटाळा होतो. तेथील वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ असते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. त्यांचा मध्यरात्रीचा ठोका म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. मांडणीत जाऊन भारतीय वेळ निवडली की प्रश्न मिटतो.

घरी पर्जन्यमापक ठेवून एक्सेलमध्ये नोंदी करणाऱ्यांनी तारखांची रेघ खरोखर तारखांची आहे ना, हे तपासावे. ती नुसत्या मजकुराची असली तर ३ जुलै आणि १३ जुलै शेजारी शेजारी उभे राहतात आणि मधली नऊ दिवसांची उघडीप नाहीशी होते. ज्या दिवशी पाऊस पडला नाही तेथे शून्य लिहावे. ज्या दिवशी मोजायचे राहिले ती जागा कोरी सोडावी. या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता कोणत्या कामाला कोणता टप्पा? सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर होते. दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, भर पावसात उघडीप साधून करावी लागते. तेथे तासातासाचा आलेखच उपयोगी. लावणीला दिवसाचा पुरे. दोन वर्षांची तुलना करायची तर आठवड्याचा घ्यावा; शेतीचे हवामानतज्ज्ञ वर्षाचे ५२ आठवडे धरतात, त्यांत २३ वा आठवडा ४ ते १० जूनचा.

आरोग्यालाही हे लागू आहे. साचलेल्या पाण्यात काम केल्यावर लेप्टोचा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. कालचा खांब पाहून "पाऊस कुठे होता?" असे म्हणू नये, मागचे चार आठवडे पाहावेत, आणि ताप आल्यास आपण चिखलपाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना तारखेसह सांगावे.