आठ एमबीत मावतं तरी काय?

प्लेस्टेशन टू चालू केलं की पडद्यावर निळसर धुकं पसरतं आणि त्यात चौकोनी मनोरे उभे दिसतात. कोट्यवधी पोरांनी ते पाहिलं आणि शोभेचं चित्र समजून सोडून दिलं. पण ते मनोरे उगाच उभे नसतात. तुम्ही कोणकोणते गेम लावले, किती वेळा लावले, याच्या नोंदीवरून ते वाढत जातात. नव्या कोऱ्या मशीनवर एकही मनोरा दिसत नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे: ही नोंद मशीनमध्ये नसतेच. ती असते समोरच्या खाचेत खोचलेल्या चपट्या काळ्या मेमरी कार्डात. कार्ड उपसून मित्राच्या मशीनला लावलं, तर तुमचे मनोरे त्याच्या घरी उभे राहतात.

हे मशीन जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी बाजारात आलं आणि १५ कोटींहून जास्त खपलं. २०१३च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. आपल्याकडेही ते अनेक घरांत होतं, आणि आता माळ्यावरून खाली काढलं जातंय. वायर सापडते, रिमोट सापडतो, डिस्कही फिरते. सापडत नाही ते कार्ड. मग शोधाशोध सुरू होते. दुकानदार ‘आठ एमबी’ म्हणून पैसे सांगतो आणि गिऱ्हाईक चक्रावतं. खिशातल्या फोनमध्ये १२८ जीबी असताना आठ एमबीला पैसे मोजायचे? आजच्या फोनवर काढलेले दोन-तीन फोटो टाकले की एवढी जागा संपते!

शंका रास्त आहे. पण एमबीचा भाव काढून हा हिशेब सुटत नाही.

मुळात या मशीनला स्मरणशक्ती जवळजवळ नाही. खेळ चालू असताना लागणारी मेमरी ३२ एमबी, आणि ती वीज गेली की रिकामी. डीव्हीडीवर काही लिहिता येत नाही, ती फक्त वाचायची. मशीनच्या पोटात भाषा, घड्याळ अशा किरकोळ सेटिंग टिकतात, बाकी काही नाही. कार्डाशिवाय गेम चालतो, छान चालतो, रात्री दोनपर्यंत चालतो. बटण बंद केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

ही अडचण जुनीच. १९८०च्या दशकात कितीतरी गेम टप्पा संपला की एक लांबलचक पासवर्ड दाखवायचे. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी अक्षर न् अक्षर टाकायचा. एक अक्षर चुकलं तर सगळं मुसळ केरात. मग काही कार्ट्रिजमध्ये बटणाच्या आकाराची बॅटरी बसवून नोंदी जिवंत ठेवायला सुरुवात झाली. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये ती होती. १९९० साली एसएनके या जपानी कंपनीनं आपल्या निओ जिओ या मशीनसाठी सुटं कार्ड काढलं. घरच्या मशीनवरचा खेळ त्यावर घेऊन तुम्ही गेम पार्लरमध्ये जाऊन पुढे खेळू शकत होता. त्या काळात ही केवढी चैन! पण कार्ड खऱ्या अर्थानं घरोघरी गेलं ते १९९४च्या डिसेंबरात पहिलं प्लेस्टेशन आलं तेव्हा. त्याचे गेम सीडीवर होते आणि सीडीत बॅटरी बसवायची सोय कुठून असणार? म्हणून कार्ड.

त्या पहिल्या कार्डाची क्षमता होती १२८ केबी. एमबी नव्हे, केबी. त्याचे आठ-आठ केबीचे सोळा ब्लॉक. एक ब्लॉक यादी ठेवण्यात जायचा आणि पंधरा तुमच्या वाट्याला यायचे. आता ‘फायनल फँटसी सेव्हन’ घ्या. १९९७चा हा गेम तीन सीडींवर यायचा आणि पुरा करायला कित्येक दिवस जायचे. त्याची एक सेव्ह एका ब्लॉकमध्ये बसते. आठ केबीत! तुम्ही वाचताय तो हा लेख संगणकावर ठेवायचा तर तसले तीन-चार ब्लॉक लागतील.

हे जमतं कसं? तर कार्डावर खेळ नसतोच. रेशन कार्डावर तांदूळ नसतात, किती उचलले त्याची नोंद असते, तसंच हे. शहर, डोंगर, राक्षस, संगीत, सगळं डिस्कवर आधीच आहे. कार्डावर उतरतं ते फक्त तुमचं. गाठीशी पैसे किती, हा एक आकडा, चार बाइटमध्ये बसतो. अमुक पेटी उघडली की नाही, याला एक बिट पुरतो, म्हणजे आठ पेट्यांचा निकाल एका बाइटमध्ये. तमुक माणसाशी बोललात की नाही, आणखी एक बिट. मशीन ही यादी वाचतं आणि डिस्कवरच्या साहित्यातून नेमकं तुम्ही सोडलं होतं तसं जग पुन्हा उभं करतं.

आणि हे बिट राहतात कुठे, ते तर विलक्षणच आहे. कार्ड उघडलं तर आत बॅटरी नाही, फिरणारं काही नाही. आहे फ्लॅश मेमरीची चिप. ती तोशिबामध्ये काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांच्या डोक्यातून १९८०च्या दशकात निघाली. पुसताना कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा क्षणात सगळा भाग कोरा होतो, म्हणून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्यानं ते नाव सुचवलं. आठ एमबी म्हणजे सुमारे ६ कोटी ७१ लाख बिट, आणि प्रत्येक बिटासाठी या चिपमध्ये एक सूक्ष्म खण असतो. त्या खणात चहूबाजूंनी काचेसारख्या सिलिकॉन ऑक्साइडनं वेढलेला एक तुकडा असतो. त्याला तार नाही, दार नाही. तिथे इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, नसले की दुसरा.

दारच नाही, तर इलेक्ट्रॉन आत जातात कसे? भिंतीतून! ती भिंत साधारण दहा नॅनोमीटर जाडीची असते. एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातला एक. चिप आपल्याच आत वीस व्होल्टच्या आसपास विद्युतदाब तयार करते. तेवढा ताण पडला की काही इलेक्ट्रॉन भिंत न फोडता, न ओलांडता थेट पलीकडे उमटतात. आपल्या रोजच्या अक्कलहुशारीत न बसणारी ही गोष्ट पुंज भौतिकीत रीतसर बसते. राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी तिचं गणित १९२८ सालीच मांडलं होतं, तेव्हा मेमरी चिप कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दाब काढला की इलेक्ट्रॉन आत अडकतात ते अडकतातच. तुम्ही पाडलेला एखादा राक्षस म्हणजे वर्षानुवर्षं काळोखात कोंडलेले हे इलेक्ट्रॉन. पोरासोरांच्या खेळण्यात हे चालू असतं!

या चिपची एक खोड मात्र आहे. तिला एखादं अक्षर खोडून दुसरं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि मग नव्यानं भरावा लागतो. प्लेस्टेशन टूच्या, म्हणजे पीएस टूच्या, कार्डात असा ब्लॉक आठ केबीचा असतो. ‘सेव्ह होत आहे, कार्ड काढू नका’ ही सूचना याचसाठी. पुसून झालंय आणि भरायचं बाकी आहे, अशा क्षणी वीज गेली तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही. सेव्ह करताना पोरं श्वास रोखून धरायची, तो अगदीच वेडेपणा नव्हता म्हणायचा.

जागेची एवढी ओढाताण, तरी कार्ड घडवणाऱ्यांनी त्यात हौसेलाही जागा ठेवली. पहिल्या प्लेस्टेशनच्या प्रत्येक सेव्हला एक चित्र असतं: सोळा बाय सोळा ठिपके, सोळा रंग. अशा चित्राला १२८ बाइट लागतात आणि कार्डही १२८-१२८ बाइटच्या तुकड्यांतच लिहिलं-वाचलं जातं. चित्र त्या मापात चपखल बसतं. तीनपर्यंत चित्रं देऊन ते हलतंही करता येतं. पीएस टूवर तर चित्राची त्रिमिती वस्तूच झाली, पडद्यावर गोल गोल फिरणारी. प्रत्येक सेव्हसोबत ९६४ बाइटची एक छोटी फाइल असते. त्या वस्तूवर तीन दिवे कुठल्या दिशेनं आणि कुठल्या रंगाचे पाडायचे, मागच्या पार्श्वभूमीच्या चार कोपऱ्यांत कोणते रंग हवेत, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. एवढंच नव्हे, नेहमीची वस्तू कोणती, कॉपी करताना कोणती आणि पुसताना कोणती, अशी तीन वेगळी नावं देण्याची सोयही तिच्यात आहे. तुम्ही सेव्ह पुसायला निघालात की आपल्या वस्तूनं कसं दिसावं, हे गेम बनवणाऱ्याला ठरवता येत होतं. बारक्या गोष्टींत असा जीव ओतणारी माणसं मला फार आवडतात.

पण कार्डाचा सगळ्यात खट्याळ उपयोग केला तो गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी. १९९८च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये सायको मँटिस नावाचा मनकवडा खलनायक आहे. तो तुमच्यासमोर उभा राहून तुम्हाला कोणते गेम आवडतात ते सांगू लागतो, आणि ते खरं निघतं. तो कार्ड वाचत असतो. कार्डाच्या यादीत प्रत्येक सेव्हच्या नावात आधी प्रदेशाची खूण आणि मग त्या गेमचा उत्पादन क्रमांक असतो. हा गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीचे काही ठरावीक क्रमांक दिसले की मँटिस तोंड उघडतो. युक्ती कळल्यावरही अंगावर काटा यायचा तो येतोच.

आता खरेदीकडे वळू. पीएस टू घरात असेल आणि कार्ड नसेल, तर घ्यावं का? घ्यावं, बिनदिक्कत घ्यावं. त्याविना गोष्ट असलेला एकही मोठा गेम पुरा होत नाही. फक्त दोन-चार गोष्टी बघून घ्या. सोनीचं मूळ कार्ड ८ एमबीचं, मॉडेल एससीपीएच-१००२०, आणि त्यावर मॅजिकगेट असं लिहिलेलं असतं. छापील अक्षरांची नक्कल कुणीही करतो, तेव्हा लेबलवर जाऊ नका, मशीनला लावून बघा. मशीनच्या ब्राउझरमध्ये रिकाम्या कार्डावर ८,००० केबीच्या आसपास जागा दिसली पाहिजे. एक सेव्ह करा, मशीन बंद करा, कार्ड काढून पुन्हा लावा आणि सेव्ह उघडते का पाहा. विकणारा एवढंही करू देत नसेल तर पुढचं दुकान गाठा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

६४ किंवा १२८ एमबीची भलत्याच कंपनीची कार्डं जवळपास त्याच भावात दिसतात आणि मोह होतो. मी ती घेणार नाही. गेम लिहिणाऱ्यांनी आठ एमबीचं कार्ड डोळ्यांसमोर ठेवलं होतं. मोठ्या कार्डापुढे काही गेम अडखळतात, आणि सेव्ह बिघडली की क्षमतेचं काय लोणचं घालायचं? शिवाय घरात गेम असतात किती? पुष्कळशा गेमच्या सेव्ह काही शे केबींतच भागतात. आठ एमबी एका माणसाला भरपूर झाले. भावंडं भांडत असतील तर आठ-आठची दोन घ्या, खाचाही दोनच आहेत.

पहिल्या प्लेस्टेशनचे गेम पीएस टूवर चालतात, पण त्यांना सेव्हसाठी पीएस टूचं कार्ड चालत नाही. त्यांचं जुनं १२८ केबीचं कार्डच हवं. जुने गेम खेळणार नसाल तर त्यावर रुपयाही घालू नका. मायक्रोएसडीवर चालणारी मेमकार्ड प्रो टूसारखी नवी उपकरणंही निघाली आहेत. ती प्रत्येक गेमला स्वतंत्र आभासी कार्ड देतात. वस्तू देखणी आहे, पण ती शौकिनांसाठी. चार गेम खेळणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

जुनं वापरलेलं कार्ड घ्यावं का, हा प्रश्न उरतोच. त्या काळच्या अशा चिपचे उत्पादक साधारणपणे एक लाख वेळा लिहिण्याची आणि दहा वर्षं नोंद टिकण्याची हमी देत. लिहिण्याचा आकडा कुठलंच घर गाठत नाही. दहा वर्षं मात्र केव्हाच उलटली, आणि तरीही कितीतरी कार्डं आजही चालू आहेत. हमी संपली म्हणजे इलेक्ट्रॉन लगेच पळाले असं नाही. म्हणून चालणारं अस्सल जुनं कार्ड नव्या निनावी कार्डापेक्षा मला केव्हाही चालेल. फक्त मोलाची सेव्ह असेल तर दुसऱ्या कार्डावर तिची एक प्रत करून ठेवावी.

आणि नवं घेण्याआधी जुने खोके एकदा नीट उपसा. कार्ड सापडलं, लावलं आणि मशीननं ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं, तर पटकन ‘हो’ म्हणू नका. बऱ्याचदा नुसती टोकांवर धूळ बसलेली असते. मशीन बंद करा, कार्डाची टोकं कोरड्या कापडानं पुसा, दुसऱ्या खाचेत लावून पाहा आणि मग ठरवा.