माजी सैनिकाचे मन आणि मोबाईल

शिवडीच्या गोदामांवर रात्रपाळीचा पहारा करणारे एक माजी सैनिक माझ्याकडे येतात. ट्रकचे टायर फुटले की त्यांना दरदरून घाम सुटतो, दिवसा डोळा लागला की सीमेवरची स्वप्ने पडतात. ‘वेडा म्हणतील’ म्हणून ते वर्षानुवर्षे कुणाशी बोलले नाहीत. हा भित्रेपणा नव्हे. धोका टळला तरी मेंदूतील धोक्याची घंटा वाजतच राहते, असा हा आघातोत्तर ताणविकार.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०११ साली यासाठी ‘पीटीएसडी कोच’ हे मोफत मोबाईल ॲप काढले. त्रास किती आहे हे त्यातील प्रश्नावलीने मोजता येते. श्वास संथ करण्याचे, अंग सैल सोडण्याचे व्यायामही आहेत. मध्यरात्री जीव घाबरा झाला तर तेवढ्यापुरता आधार मिळतो. पण ॲप रोगनिदान करीत नाही, आणि इंग्रजी सर्वांना कुठे जमते?

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्रास महिन्याहून अधिक टिकला, दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र थांबू नये. त्याच घटकेला घरच्यांना उठवावे आणि १४४१६ फिरवावा.