घटाआधीचं कपाट

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायची पद्धत आहे. पांघरुणं, चादरी, पडदे, अगदी पायपुसण्यांपर्यंत. दोन-तीन दिवस गच्चीवरच्या दोऱ्या रिकाम्या दिसत नाहीत. सगळं घर असं धुऊन निघायचं, राहायचं ते फक्त माझं कपाट. दार उघडलं की साड्या अंगावर यायच्या, आणि तरी कुठे निघायचं म्हटलं की माझं वाक्य ठरलेलं, "नेसायला धड एक साडी नाही!" मैत्रिणींनो, तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असेल ना?

या कपाटाला हात लावायची वेळ आली ती २०१९ साली. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आमचं गाव उंचावर, त्यामुळे वाचलं. महिला मंडळाने शाळेच्या एका खोलीत कपडे जमा करायला सुरुवात केली. तीन दिवसांत खोली छतापर्यंत भरली. निवडायला बसलो आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. हुकं तुटलेले ब्लाऊज, नाडी नसलेले परकर, एका पायातला मोजा, काखेत उसवलेले कुडते. मी तावातावाने म्हणालेसुद्धा, "लोकांना काही वाटतं की नाही!"

दुसऱ्या दिवशी छावणीत वाटप करत होतो. एक बाई हातात जॉर्जेटची टिकल्या-आरशांची साडी घेऊन परत आली. म्हणाली, "ताई, ही नेसून घरातला चिखल काढू का? एखादा गाऊन, परकर असला तर बघा की."

साडी माझीच होती. नणंदेच्या लग्नात घेतलेली, एकदाच नेसलेली. "भारीतली दिलीय हो," असं मीच मंडळात सांगितलं होतं. त्या बाईला काय उत्तर द्यावं सुचेना. दुकानातून नवे परकर आणि गाऊन आणले, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. पण मनाला एक गोष्ट टोचत राहिली. मी जे दिलं ते तिला हवं होतं म्हणून नव्हे, मला नको होतं म्हणून दिलं होतं.

त्या वर्षी घटाआधी कपाट पहिल्यांदा पूर्ण रिकामं केलं. साड्या मोजल्या, चौसष्ट भरल्या. वर्षभरात नेसलेल्या किती? जेमतेम नऊ! बाकीच्या कुणाच्या, असा विचार करत पलंगावर ढीग लावत गेले. लग्न झालं २०००मध्ये, तेव्हा घरात सकाळपासून साडी, डोक्यावर पदर. त्यामुळे रोजच्या सिंथेटिक साड्या ढीगभर. मग मुलगी शाळेत जायला लागली, हळदीकुंकवं, बारशी, मुंजी. त्या काळातल्या चमकत्या साड्या. पुढे बचत गटाच्या बैठकांसाठी वाड्यावस्त्यांवर जायला लागले, स्कूटी शिकले आणि पंजाबी ड्रेस घातला. पहिल्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण जेवतानाही बोलल्या नाहीत! आता मला आवडतो तो सुती कुडता, आणि समारंभाला इरकल नाहीतर खणाची साडी. मी बदलत गेले, कपाट मात्र जुन्यांनाही सांभाळत बसलं होतं.

जड गेलं ते आईच्या साड्यांपाशी. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तिच्या सहा सुती साड्या मी आणल्या होत्या. नेसवत नव्हत्या, देववत नव्हत्या. शेवटी एक ठेवली आणि पाच साड्यांची गोधडी शिवून घेतली. आमच्या गटातल्या एका मावशींनी ती शिवली, त्यांची मजुरी त्यांना दिली. गोधडीला जुनं, मऊ सुतीच लागतं. सिंथेटिक घसरतं, थंडीत ऊबही देत नाही.

तेव्हापासून वर्षातून दोनदा कपाट आवरते, घटाआधी आणि पावसाळ्याआधी. पद्धत साधी आहे. घालून, धुऊन आलेला कपडा कप्प्यात उजव्या बाजूला ठेवायचा. सहा महिन्यांनी डावीकडे जे उरलं, त्याला आपण हात लावलेला नाही. ते अंगाला लावून आरशासमोर उभं राहायचं. "बारीक झाले की घालीन" म्हणून ठेवलेल्या ब्लाऊजना मी एकच संधी देते, शिलाई उसवून बसतो का बघायचं. नाही बसला तर निरोप. रेशमी साड्या मात्र वेगळ्या काढून सावलीत वारा द्यायचा, घडी बदलायची, नाहीतर घडीवरच चिरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या मलमलीत गुंडाळायच्या. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत. वेखंडाची पुरचुंडी बरी.

आणि देताना? धुतलेलं, इस्त्री केलेलं, हुक-बटण शाबूत असलेलंच द्यायचं. साडीबरोबर परकर द्यायचा. घेणारीला आधी विचारायचं, काय हवंय? अंशू गुप्ता यांनी 'गूंज' ही संस्था १९९९च्या सुमारास दिल्लीत सुरू केली, त्यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे गावकरी रस्ता, विहीर असं गावाचं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. जुन्या सुती कपड्यातून बायकांसाठी पॅडही शिवतात. कपडा म्हणजे भीक नव्हे, हे त्यांच्या कामातून मला नीट कळलं. फाटकं असेल ते पुसायला घरात ठेवावं किंवा बोहारणीला विचारावं, दुसऱ्याच्या दारी पाठवू नये.

मागच्या घटाआधी मी असाच पसारा मांडून बसले होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. थोडा वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "माझी पण ट्रंक काढ गं. आता साडी सावरत नाही मला. दोन गाऊन आण, पण गळा बंद हवा."

मी त्याच दिवशी दोन नाही, तीन आणले. त्यांच्या लुगड्यांची गोधडी मावशी शिवताहेत. आणि आमच्या जेवणाच्या वेळेला आता दोघी बोलतो.