नोंदणीतील नॅनी आणि सरकारी तपासनीस

परक्या बाईच्या हाती आपले मूल सोपवताना आईबापांच्या मनात जी धाकधूक असते, तिच्यावर सरकारने काही उपाय करावा, ही अपेक्षा इंग्लंडात जुनी आहे. १८७० साली मार्गारेट वॉटर्स नावाच्या बाईला लंडनमध्ये फाशी झाली. पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळायला आणायची आणि उपासमारीने व गुंगीच्या औषधाने मरू द्यायची, असा तो भयंकर धंदा होता. मग १८७२ साली अर्भक-संरक्षणाचा कायदा झाला, आणि वर्षाच्या आतली एकाहून अधिक मुले मोबदला घेऊन घरी ठेवणाऱ्या बाईवर नोंदणीची सक्ती आली. नवल असे की, लिडिया बेकर यांच्यासारख्या स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या मंडळींनीच या कायद्याला विरोध केला. घरच्या कामात आणि आईबापांच्या जबाबदारीत सरकारने कुठवर हात घालावा, हा त्यांचा सवाल होता. मुलांचे जीव जात असता असा सवाल विचारणे कित्येकांना निर्दयपणाचे वाटले असेल. आम्हाला मात्र तो आजही निकालात निघालेला दिसत नाही.

प्रथम नॅनी म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. जी बाई स्वतःच्या घरी चार घरची मुले सांभाळते ती चाइल्डमाइंडर. आपण पाळणाघरवाली म्हणू. नॅनी ही मुलाच्या घरी येऊन काम करते. ती त्या कुटुंबाची नोकर असते, घर तिचे नसते. आपल्या श्रोत्यांपैकी ज्यांच्या मुली-सुना लंडनकडे नोकरी करतात, त्यांना हा भेद ठाऊक असेल. सहा महिने नातवंडांसाठी जाऊन राहणाऱ्या आजीला कोणी नोंदणी विचारीत नाही, हेही ठाऊक असेल.

२००६ सालच्या बालसंगोपन कायद्याने चाइल्डमाइंडरवर नोंदणीची सक्ती ठेवली. नॅनीला ती ऐच्छिक केली. फार तर दोन कुटुंबांची मुले त्यांपैकी एकाच्या घरी सांभाळीत असेल, तर नाव न नोंदवताही ती आपले काम कायदेशीरपणे करू शकते. मग ती नोंदणीची फी का भरते? कारण साधे आहे. पैशाचे आहे. २०१७ साली सुरू झालेल्या सवलतीनुसार आईबापांनी ८ पौंड भरले की सरकार त्यात २ पौंड घालते, एका मुलामागे सर्वसाधारणपणे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. आणि ही मदत नोंदणी असलेल्या व्यक्तीसाठीच मिळते. म्हणजे नोंदणीची निकड बहुधा नॅनीला नसते, तिच्या मालकिणीला असते.

ही नोंदवही ऑफस्टेड या खात्याकडे आहे. १९९२ साली ते शाळा तपासण्यासाठी निघाले, आणि २००१ पासून बालसंगोपनही त्याच्याकडे आले. नॅनीचे वय निदान १८ असावे, फौजदारी पूर्वचरित्राची कसून चौकशी झालेली असावी, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे शिक्षण झालेले असावे, कामाचे किमान प्रशिक्षण आणि विमा असावा, या मुख्य अटी. या नोंदवहीतील लोकांपैकी साधारण दहांतील एकाची दर वर्षी तपासणी होते. तक्रार आली तर वेगळी. निकाल दोनच: अटी पाळल्या किंवा पाळल्या नाहीत. शाळेला मिळतो तसा शेरा नॅनीला मिळत नाही.

शेरा न देणे आम्हाला अगदी योग्य वाटते. पुष्कळ आईबापांना मात्र हे समजत नाही. 'ऑफस्टेडची नोंदणी आहे' एवढे ऐकले की बाई उत्तम आहे असे सरकारने सांगितले, असा त्यांचा ग्रह होतो. वस्तुतः सरकारने तिचे कागद पाहिलेले असतात. तासाभरासाठी आलेल्या पाहुण्यासमोर कोणतीही बाई मुलाशी गोडच बोलते. ती एरवी कशी वागते याची परीक्षा त्या तासात होत नाही. जे पाहता येत नाही त्याचा दाखला देऊ नये.

मग तपासनीसाने पाहावे काय? प्रथमोपचाराच्या दाखल्याची मुदत टळली आहे का, विमा चालू आहे का, दोनांऐवजी तीन घरची मुले गोळा केली आहेत का, हे पाहावे. याहून महत्त्वाचे म्हणजे दोन प्रश्न विचारावेत. मूल घशात काही अडकून निळे पडू लागले तर पहिल्या मिनिटात काय कराल? आणि मुलाच्या अंगावर वळ दिसले, तुमचा संशय खुद्द त्याच्या बापावर असला, तर कोणाला कळवाल? दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण पगार देणाराच तिथे संशयित असतो. पाळणाघरात चार सहकारी असतात. नॅनी त्या घरात एकटी असते. कोठे कळवायचे हे तिला ठाऊक आहे की नाही, ही खातरी सरकारखेरीज कोणी करणार नाही.

मारण्याचा प्रश्नही असाच. इंग्लंडच्या २००४ सालच्या कायद्याने आईबापांना 'वाजवी शिक्षे'चा बचाव काही मर्यादेत शिल्लक ठेवला. नोंदणीतील नॅनीला मात्र मुलावर हात उगारता येत नाही, मालकिणीने 'द्या एक चापट' म्हटले तरीही. हे तिला माहीत आहे का, हे तपासनीसाने जरूर विचारावे.

परंतु स्वयंपाकघरातील कपाटाला कुलूप नाही, जिन्याला फाटक नाही, बाळाला दूध कसले देतात, ते किती वाजता झोपते, ही उत्तरे नॅनीकडून का मागावीत? घर मालकाचे, नियम मालकाचे. जिन्याला फाटक हवे असे तिने सांगितले होते का, एवढेच फार तर विचारता येईल. त्यापुढे गेले की तपासणी नॅनीची न राहता कुटुंबाची होते, आणि कुटुंबाने तर कोठेच नाव नोंदवलेले नाही. कायद्याने हे ओळखले आहे. मुलाचे घर नॅनीचे नसेल, तर घरातील प्रौढ माणसाच्या संमतीवाचून तपासनीसाला आत येता येत नाही, असे ७८ व्या कलमात आहे. शिशुशाळेचा अभ्यासक्रमही तिच्यावर लादू नये. तिचा पगार व करभरणी हे करखात्याचे काम. तिच्या स्वतःच्या घरात डोकावण्याचे तर कारणच नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढी सैल तपासणी काय कामाची? येथे एक गोष्ट विसरता कामा नये. नोंदणी ऐच्छिक आहे. जाच वाढला तर चांगली बाई नाव काढून घेईल आणि तेच काम नोंदणीबाहेर करील. हयगय करणारी तर मुळात त्या वहीत येतच नाही. आपली तपासणी आपणहून पुढे आलेल्यांचीच होते, हा या व्यवस्थेतला खरा दोष आहे, आणि तो तपासनीसांची संख्या वाढवून जाणार नाही.

आम्हाला विचाराल तर दहांतील एकीच्या घरी जाण्याऐवजी दहाही जणींचे दाखले दर वर्षी कचेरीत बसून पडताळावेत, आधीच्या दोन कुटुंबांना फोन करावा, आणि तक्रार असेल तिथेच माणूस पाठवावा. आधीच्या घरची बाई जे पाच मिनिटांत सांगेल, ते तपासनीसाला वर्षभरात दिसणार नाही.

आपल्याकडे घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या बाईसाठी अशी वही नाही. बाईचा फोटो व पत्ता पोलीस ठाण्यात नोंदवला की पुष्कळांना निश्चिंत वाटते. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा तपासणीची मागणी मोठ्याने झाली; परंतु ती पाळणाघरांपुरती. घरातल्या बाईला प्रथमोपचार येतो का, हे आपण तिला कामावर ठेवताना सहसा विचारीत नाही. पगार किती आणि सुट्ट्या किती, एवढेच ठरवतो.